घरात डोमेन कशाला?

मे महिन्यात भाचा पुण्याहून झरीला आला, तेव्हा आमच्या घरात पाच कॉम्प्युटर होते. पुढच्या खोलीतल्या सेवा केंद्राच्या काउंटरवर दोन, थोरल्या भावाच्या खत-बियाण्याच्या दुकानाचा हिशेब ठेवणारा एक, वहिनींचा शाळेच्या कामाचा लॅपटॉप आणि पुतणीचा कॉलेजचा. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या गावात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. भाचा मोठ्या कंपनीत हेच काम करतो, शेकडो कॉम्प्युटर सांभाळतो. त्यानं दोन दिवस सगळं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हे असं इस्कटलेलं किती दिवस ठेवणार? ऑफिसात असतं तसं एका सर्व्हरखाली आणू."

मी हो म्हणालो. ते चुकलं. का चुकलं ते लिहून ठेवतो आहे, कारण भाच्याचं म्हणणं त्याच्या एकट्याचं नाही. असा एखादा शिकलेला भाचा किंवा जावई आता गावोगाव आहे. सुट्टीत घरी येतो, घरातल्या यंत्रांचा पसारा पाहतो आणि आपल्या ऑफिसची घडी घराला घालू पाहतो. हेतू चांगला असतो, म्हणून कुणी उलट बोलत नाही. मी बोलणार आहे.

त्याची बाजू आधी नीट सांगतो. विंडोजचे कॉम्प्युटर एकत्र नांदवायच्या दोन रीती आहेत. पहिली वर्कग्रुपची. तिच्यात प्रत्येक यंत्र आपल्या घरचं धनी असतं. आत कुणाला घ्यायचं याची यादी ज्याची त्याच्याकडे. दुसरी डोमेनची. तिच्यात ती यादी एका सर्व्हरकडे असते, त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. तुम्ही कुठल्याही यंत्रासमोर बसा, नाव-पासवर्ड टाका, ते यंत्र सर्व्हरला विचारतं की हा माणूस आपला आहे का. भाच्याचे मुद्दे तीन होते. खातं एकदाच काढायचं आणि ते सगळीकडे चालतं. पेनड्राइव्ह बंद करणं, अपडेट लावणं असे नियम एका जागेवरून सगळ्यांना लागू होतात. आणि माणूस सोडून गेला की त्याला एका जागी बंद केलं, म्हणजे सगळीकडची दारं बंद.

तिन्ही मुद्दे खरे आहेत. कुठे खरे आहेत, हा प्रश्न आहे. १९७२ साली परभणीत स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाएवढ्या संस्थेत खरे आहेत. तिथे दरवर्षी विद्यार्थी येतात-जातात, माणसांच्या बदल्या होतात, एकाच प्रयोगशाळेतल्या यंत्रावर सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसतो. तिथे यादी यंत्रायंत्रावर विखुरली तर कारभार चालणार नाही.

आमच्या घरात बदली कुणाची होते? वहिनींचा लॅपटॉप वहिनीच उघडतात. पुतणीचा पुतणी. काउंटरच्या दोन यंत्रांवर मात्र मी, भाऊ आणि मदतीला येणारा मुलगा असे तिघं बसतो. मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. काउंटरवर तिघांची दोन यंत्रांत मिळून सहा खाती, दुकानाच्या यंत्रावर भावाचं एक, लॅपटॉपांवर दोन. सामाईक फोल्डर दुकानाच्या यंत्रावर ठेवायचा म्हणून तिथे माझं, वहिनींचं आणि पुतणीचं अशी आणखी तीन. शिवाय दुरुस्तीसाठी प्रत्येक यंत्रावर एकेक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, ती पाच. एकूण सतरा. सतरा खाती काढायला मला एक दुपार लागली, आणि मी काही इंजिनिअर नाही. समोरच्या आणि फोल्डर असलेल्या अशा दोन्ही यंत्रांवर नाव आणि पासवर्ड तंतोतंत एक ठेवला की सामाईक फोल्डर उघडताना विंडोज पुन्हा पासवर्ड विचारतसुद्धा नाही. 'खातं एकदाच' या सोयीतला आमच्या कामाचा बहुतेक भाग असा सर्व्हरवाचून मिळतो.

आता मे महिन्यात काय झालं ते. भावाच्या दुकानातला एक जुना डबा भाच्यानं बाहेर काढला, त्यावर लिनक्स आणि सांबा चढवलं आणि तो सर्व्हर म्हणून कोनाड्यात ठेवला. सांबा हे फुकटचं सॉफ्टवेअर २०१२ पासून डोमेन कंट्रोलरचं काम करतं, त्यामुळे सर्व्हरच्या परवान्याचा खर्च वाचला. पण विंडोजची होम आवृत्ती डोमेनमध्ये घेताच येत नाही. आमच्या पाचातली तीन यंत्रं होमवरची निघाली. ती प्रोवर नेण्याचे पैसे गेले. ते एक वेळ सोडून देऊ.

भाचा परत गेला. जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला, तारा तुटल्या, जोडल्या, त्याची आम्हाला सवय आहे. मग जुलै आला. सेवा केंद्र चालवणाऱ्याला जुलै म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पीक विम्याची मुदत तोंडावर आलेली असते, आणि सकाळी सातपासून ओट्यावर माणसं बसलेली असतात, हातात पिशवी, पिशवीत आधार, पासबुक, सातबारा. त्यातल्याच एका रात्री वीज गेली ती चार तास आली नाही. इन्व्हर्टर उतरला. पहाटे वीज आली, राउटरचे दिवे लागले. मी काउंटर उघडलं. नेटचं चिन्ह व्यवस्थित, पण एकही पान उघडेना. मदतीचा मुलगा म्हणाला, "काका, चालू हाय पण उघडंना." राउटर तीनदा बंद-चालू केला. केबल काढून घातली. ओट्यावरची माणसं माझ्याकडे बघत होती.

कारण मला नंतर कळलं. डोमेनमधली यंत्रं संकेतस्थळाच्या नावाचा पत्ता सर्व्हरलाच विचारतात, तशी ती लावावीच लागतात. आणि सर्व्हर उठलाच नव्हता. त्याच्या आतला गोल सेल, मनगटी घड्याळात असतो तसा पण मोठा, संपला होता. सेल संपलेला आणि वरून वीज पूर्ण गेलेली, त्यामुळे डबा आपल्या मांडण्या विसरला आणि काळ्या पडद्यावर 'एफ-१ दाबा' म्हणून थांबून राहिला. त्याला पडदाही जोडलेला नव्हता आणि कीबोर्डही नव्हता. तो तिथे थांबला आहे हे घरात कुणाला दिसणार? भाचा मीटिंगमध्ये. साडेअकराला त्याचा फोन आला. काउंटरचा मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून कोनाड्यात नेला, एफ-१ दाबलं, मग त्यानं तारीखही दुरुस्त करायला लावली, कारण डोमेनमध्ये सर्व्हर आणि बाकीच्यांच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. साडेतीन तास गेले. लांबून आलेले दोघं-तिघं तोपर्यंत निघून गेले होते.

भाच्याकडे याचं उत्तर आहे, आणि तेही बरोबर आहे. सर्व्हरला स्वतंत्र यूपीएस लावा. सेल बदला. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावा. आणि एक डोमेन कंट्रोलर कधीच ठेवू नये, दोन ठेवावेत. मायक्रोसॉफ्टही हेच सांगतं. म्हणजे पाच कॉम्प्युटर सांभाळायला दोन सर्व्हर, एक यूपीएस आणि पुण्यात बसलेला एक माणूस. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. यातला प्रत्येक उपाय एका अडचणीवर तोडगा काढतो, आणि ती अडचण सर्व्हर आणल्यामुळेच उभी राहिलेली असते. वर्कग्रुपमध्ये काउंटर-२ बंद पडलं तर काउंटर-१ चालतं. दुकानाचं यंत्र बंद पडलं तर सामाईक फोल्डर उघडणार नाही, एवढंच. वहिनींचं शाळेचं काम थांबत नाही आणि विम्याचा अर्जही थांबत नाही.

आमच्याकडे भावाभावांची शेतं वेगळी आणि विहीर सामाईक असते. सातबाऱ्यावर विहिरीचा हिस्सा लिहिलेला असतो, पाण्याची पाळी ठरलेली असते. पण पेरणी कधी करायची हे कुणी विहिरीला विचारत नाही. घराच्या कॉम्प्युटरांचं मला हेच नातं हवं. फोल्डर सामाईक, प्रिंटर सामाईक, बाकी ज्याचं त्याचं.

पाच यंत्रांना वर्कग्रुप पुरतो हे माझ्या पदरचं नाही. मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानांत वर्कग्रुपमध्ये साधारण वीसपर्यंत कॉम्प्युटर असतात असं लिहिलेलं होतं. आणि ज्यांना वर्कग्रुप म्हणजे जुनाट रीत वाटते त्यांनी जरा वर्षं पाहावीत. 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' १९९२ साली आलं. पुढे घरांसाठी म्हणून खास दोन गोष्टी काढल्या गेल्या. २००७ साली 'विंडोज होम सर्व्हर' आला, त्याची पुढची आवृत्ती २०११ ला आली आणि नंतर ते प्रकरण बंद झालं. २००९ साली विंडोज ७ बरोबर 'होमग्रुप' आला, एका पासवर्डवर सगळं घर जोडणारा. २०१८ च्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये तो काढून टाकला गेला. ज्यांनी त्यावर घर बांधलं होतं त्यांना पुन्हा मांडामांड करावी लागली. या सगळ्या येण्या-जाण्यात साधा वर्कग्रुप, साधा सामाईक फोल्डर आणि यंत्रावरचं साधं खातं मात्र टिकून राहिलं. घरासाठी निवड करताना मला हा टिकाऊपणा मोलाचा वाटतो. आपण घर दर पाच वर्षांनी नव्यानं मांडत नाही.

इथवर सोयीचं आणि खर्चाचं बोललो. माझा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो पुतणीनं माझ्या ध्यानात आणून दिला.

तिचा लॅपटॉप डोमेनमध्ये घेतला त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ आली. "काका, आता माझ्या लॅपटॉपमध्ये तुम्ही पाहू शकता का?" मी म्हणालो, मी कशाला पाहू? ती म्हणाली, "पाहणार नाही ते मला माहीत आहे. पण पाहू शकता ना?"

पाहू शकत होतो. डोमेनचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा त्यातल्या प्रत्येक यंत्राचा धनी असतो. तो पासवर्ड बदलू शकतो, फायली उघडू शकतो, काय चालवायचं आणि काय नाही ते ठरवू शकतो. कंपनीत हे योग्य आहे, कारण यंत्र कंपनीचं असतं आणि माणसानं तसं मान्य करून नोकरी धरलेली असते. घरात असा करार कुणी केलेला नसतो. आमच्या भागात मुलीच्या हातातला फोन काढून घेऊन तपासणं ही सर्रास गोष्ट आहे, आणि ती करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. अशा घरांत डोमेन आणणं म्हणजे त्या सवयीला कायमची किल्ली करून देणं. भाचा म्हणतो, लहान मुलांचं काय, त्यांच्यावर लक्ष नको? हवं. लहान मुलाला साधं मर्यादित खातं द्यावं, विंडोजमध्ये त्यासाठी कुटुंबाच्या सेटिंग आहेत, आणि यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवावं. एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी सर्व्हर बसवू नये.

मी तिचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी डोमेनमधून काढला. उरलेलं सगळं जुलैनंतर काढलं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आमच्या गावात करतात तसं करू, सगळं सगळ्यांना खुलं. त्याचा मी तितकाच विरोधक आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा येतो, फोल्डर शेअर होत नाही म्हटल्यावर तो पहिलं काम करतो ते 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करण्याचं, आणि दुसरं 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देण्याचं. दहा मिनिटांत काम होतं, पैसे घेऊन तो जातो. फोल्डर का उघडत नव्हता हे त्यानं पाहिलेलंच नसतं. बहुतेक वेळा कारण असं असतं की खात्याला पासवर्डच नसतो. बिनपासवर्डच्या खात्यानं विंडोज जाळ्यावरून आत येऊ देत नाही. त्या यंत्रासमोर बसलात तरच उघडतं. किंवा मग माणूस चार आकडी पिन टाकत बसतो. पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो, जाळ्यावर पूर्ण पासवर्ड लागतो. एवढं सांगितलं तर कुलूप तोडावं लागत नाही.

शेअरिंगचं दार उघडं राहिलं तर काय होतं ते मे २०१७ मध्ये जगानं पाहिलं. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजच्या जुन्या फाइल-शेअरिंगच्या भगदाडातून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत गेला. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नाही ते बळी पडले. त्यानंतर शेअरिंगची ती जुनी रीत विंडोज १० मध्ये आपोआप बंद येऊ लागली. तरीही जुना प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचा डीव्हीआर चालावा म्हणून ती पुन्हा चालू करून देणारे आहेत. आपल्या यंत्रावर कुणी तसं केलं असेल तर बंद करून घ्या, त्या जुन्या प्रिंटरपायी घरातलं सगळं पणाला लावू नका. डोमेन असतं तर हे टळलं असतं, असंही नाही. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड एकदा चोराच्या हाती लागला की पाचही यंत्रं त्याच्या हाती.

क्लाउडवाल्यांनाही एक शब्द. फोटो, शाळेची कागदपत्रं तिथे ठेवायला माझी हरकत नाही, मीही ठेवतो. पण रस्त्याच्या कामात फायबर तुटली की आमच्याकडे दोन-दोन दिवस नेट नसतं, आणि त्या दोन दिवसांत भावाच्या दुकानात गिऱ्हाईक येतच असतं. हिशेब घरात हवा.

आता आमच्या घरात काय आहे ते सांगतो. पाच यंत्रं, वर्कग्रुप एक. यंत्रांना माणसाला कळतील अशी नावं: काउंटर-१, काउंटर-२, दुकान, वहिनी, ताई. आधी ती 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अगम्य अक्षरं अशी होती. फोनवर कुणाला विचारलं तर कोणतं यंत्र तेच कळत नसे. राउटरमध्ये दुकानाच्या यंत्राचा पत्ता पक्का बांधून ठेवला आहे, त्यामुळे सामाईक फोल्डर हरवत नाही. रोजच्या कामाचं खातं प्रत्येकाचं साधं आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाही. काही नवं बसवायचं असेल तरच दुसऱ्या खात्याचा पासवर्ड टाकायचा. सुरक्षिततेसाठी घरात करण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही, आणि तिला एक पैसा लागत नाही. मदतीच्या मुलाचं दुकानाच्या यंत्रावर खातं नाही, म्हणून घरच्या फोल्डरमध्ये तो जाऊ शकत नाही. त्यालाही ते बरं वाटतं, उद्या काही गेलं तर त्याच्यावर आळ नको. ओट्यावरची माणसं, टीव्ही आणि कॅमेरा पाहुण्यांच्या वायफायवर. लोकांच्या आधारच्या प्रती काउंटरवरच असतात, काम झालं की त्या दिवशीच काढून टाकतो.

राउटरशेजारी खिळ्याला दोनशेपानी वही टांगली आहे. कोणतं यंत्र कधी घेतलं, कोण वापरतं, त्याचा पत्ता काय, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला, सगळं त्यात आहे. पासवर्ड त्यात नाहीत. ते आणि डिस्क कुलूपबंद झाली तर लागणारी अठ्ठेचाळीस अंकी किल्ली पाकिटात घालून भावाच्या कपाटात ठेवली आहे, आणि वहिनींना माहीत आहे. मी उद्या नसलो तरी घर उघडेल. डोमेन होतं तेव्हा ते अडलं की भाच्यावाचून उघडत नव्हतं.

दर रविवारी दुकानाचा हिशेब आणि सामाईक फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवतो आणि डिस्क काढून ठेवतो. जोडलेली ठेवली तर खंडणीखोर प्रोग्रॅम तीही खातो. दुसरी डिस्क परभणीला बहिणीकडे, महिन्यातून एकदा अदलाबदल. गेल्या महिन्यात वहिनींच्या हातून निकालपत्रकाची फाइल पुसली गेली. मी केंद्रावर होतो. त्यांनी डिस्क लावली, रविवारची फाइल शोधली आणि परत घेतली. मला रात्री जेवताना कळलं.

पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून सुट्टीला गावी येणाऱ्या सगळ्या भाच्यांना आणि जावयांना माझं सांगणं आहे. तुमचं ज्ञान घराला हवं आहे. पण सर्व्हर आणू नका. एक बाहेरची डिस्क आणा, प्रत्येकाचं खातं साधं करून द्या, आणि परतीची गाडी धरण्याआधी घरात रोज कॉम्प्युटर चालवणाऱ्या माणसाकडून, त्याच्याच हातानं, पुसलेली एक फाइल परत आणून घ्या. तुम्ही शेजारी बसा, माउसला हात लावू नका.